पहिला चीक टाकू नका



ऊस विकास अधिकाऱ्याने बाळंतिणीवर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. पण गेल्या हंगामात तोडीच्या पाहणीला गेलो असता फडाशेजारच्या कोपीतली एक म्हातारी वाटीतले पिवळसर दूध बांधावर ओतताना दिसली. सून बाळंत होऊन एकच दिवस झाला होता. "सायेब, ह्यो चीक जड असतोय, लेकराला बाधतो," म्हणाली. बाळाला गुळाचे पाणी चाटवणे चालू होते. मी काही न बोलता पुढे गेलो.

आमच्या मंडळी नर्स आहेत. त्यांनी मला चांगलेच फैलावर घेतले. "बेण्याला कल्चर लावा म्हणून गावोगाव ओरडत फिरता, तिथं तोंड शिवलं होतं का?"

बोलणे लागले, कारण ते खरे होते. ॲसिटोबॅक्टरच्या द्रावणात बेणे अर्धा तास बुडवतो ते का? चांगल्या जीवाणूंनी आधी जागा धरावी म्हणून. बाळाच्या आतड्याचेही तसेच. आईच्या दुधात एक साखर अशी असते की ती बाळाला पचतच नाही. मग असते कशाला? आतड्यातल्या बायफिडो जातीच्या जीवाणूंचे ते खाद्य. चिकात ती सर्वांत जास्त. हे जीवाणू ती खाऊन आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात रोगजंतूंना थारा मिळत नाही. शिवाय चिकात रोगाशी लढणारी द्रव्ये असतात ती वेगळीच. जन्मल्यावर तासाभरात बाळ अंगाला लावले तर आईची पिशवी आवळते, रक्तस्राव कमी होतो. म्हणजे फायदा दोघांचा.

ओडिशातल्या खेड्यांत डॉ. पिनाकी पाणिग्रही यांनी मोठा प्रयोग केला. २०१७ साली तो 'नेचर'मध्ये छापून आला. ४,५५६ बाळे, सगळी अंगावर पिणारी. निम्म्यांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लॅन्टॅरम हा जीवाणू आणि त्याचे खाद्य म्हणून एक साखर दिली, बाकीच्यांना नुसती दिसायला तशीच पूड. दोन महिन्यांत जंतुदोष किंवा मृत्यू दुसऱ्या गटात शंभरात ९, पहिल्यात ५.४. आणि ती साखर, फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड, आपल्या उसाच्या साखरेपासूनही करता येते बरं का!

म्हणून दुकानातून पुडी आणून बाळाला चाटवू नका. प्रयोगातली बाळे पुऱ्या किंवा जवळपास पुऱ्या दिवसांची, दोन किलोच्या वरची होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अशा जीवाणूंचाच जंतुदोष होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने २०२३ साली दिला आहे. मध, गूळपाणी, गुटी यांतलेही काही नको. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध.

आता आपल्या फडाचे. बाळाला दोन-अडीच तासांनी पाजावे लागते. कोयता थांबला की तिची मजुरी बुडते, आणि गाडी भरायची राहिली की मुकादम व आपणही ओरडतो. ती मध्येच कोपीवर गेली तर आपल्या बांधावर तरी तिला कोणी बोलू नये. मी चिटबॉयनाही तसे सांगून ठेवले आहे.

ते बाळ जगले. मार्चमध्ये पट्टा पडला तेव्हा ट्रॉलीत आईच्या मांडीवर झोपलेले पाहिले. म्हातारीने मला ओळखले, हात केला.



— ऊस विकास अधिकारी