जोडीदाराची नजर : कृत्रिम भिंतीवरची साठ वर्षं

१९६४ साली इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात डॉन रॉबिन्सन यांनी एका बोळाच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसवले. कडे ओले असतानाही गिर्यारोहकांचा सराव सुरू राहावा, हा त्यामागचा विचार. पुढे सियाटलमध्ये १९८७ला ‘व्हर्टिकल क्लब’ आणि शेफिल्डमध्ये १९९१ला ‘द फाउंड्री’ या चढाईच्या जिम सुरू झाल्या, तेव्हा खऱ्या कड्याला कधी हातही न लावलेली माणसं पैसे भरून भिंतीवर येऊ लागली. सुरक्षेचे नियम शिकवण्याची जबाबदारी आता जिमवर आली.

साधनं झपाट्याने सुधारली. १९९१मध्येच पेट्झल कंपनीचं ‘ग्रिग्री’ हे बिलेचं, म्हणजे चढणाऱ्याचा दोर जोडीदाराने खालून सांभाळण्याचं, साधन आलं. दोराला हिसका बसला की त्यातला कॅम फिरतो आणि दोर दाबून धरतो. तरीही दोर उलटा ओवला किंवा खाली सोडताना दांडी दाबून ब्रेकचा, म्हणजे दोर रोखून धरणारा, हात सोडला, तर आरोहक जमिनीवर आदळू शकतो. म्हणूनच ब्रेकचा हात दोरावरून काढायचा नाही, हा जुना नियम आजही पहिल्याच दिवशी शिकवतात.

अनुभव पाठीशी असला म्हणजे चूक होत नाही, असंही नाही. १९८९मध्ये जगातल्या अव्वल आरोहकांपैकी एक असलेली लिन हिल फ्रान्समधल्या एका कड्यावरून २० मीटरहून अधिक खाली कोसळली. तिने दोर हार्नेसमधून, म्हणजे कमरेच्या पट्ट्यांतून, ओवला होता, गाठ मात्र पुरी केली नव्हती. झाडाच्या फांद्यांमुळे ती वाचली. जोडीदारांनी एकमेकांची गाठ, बकल, बिलेचं साधन आणि कॅराबिनरचं (कडीचं) लॉक पाहिल्याशिवाय पाय उचलायचा नाही, या नियमाचं मोल अशा घटनांतून कळतं.

नंतर दोर आपोआप सांभाळणारी ऑटो-बिले यंत्रं आली आणि जोडीदाराशिवाय चढता येऊ लागलं. त्याबरोबर तपासणारी दुसरी नजरही गेली. यंत्राच्या पट्ट्याचा हुक हार्नेसला न अडकवताच लोक चढल्याने अपघात झाले, म्हणून मार्गाच्या पायथ्याशी ठळक रंगाचे त्रिकोणी पडदे लावले जाऊ लागले. पडदा बाजूला करताना हुक समोर येतो.

बोल्डरिंगच्या जिममध्ये दोर नाही. खाली जाड गाद्या असतात. पडताना दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरायचं, मागे लोळायचं आणि हात टेकवायचे नाहीत. हात टेकवला तर मनगट किंवा कोपर जातं. चढणाऱ्याच्या खाली उभं राहायचं नाही, गादीवर बाटली ठेवायची नाही, लहान मुलांना पळू द्यायचं नाही. शिष्टाचार वाटणाऱ्या या गोष्टींमुळे हाडं शाबूत राहतात.

२०२१मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये भिंतीवर चढण्याचा हा खेळ पहिल्यांदा आला आणि जगभर ओळखीचा झाला. भिंतीवर येणाऱ्या प्रत्येक नवख्याला या साठ वर्षांचं सार सांगायला हवं : यंत्र मदत करतं, पण जबाबदारी माणसाची असते. अनोळखी माणसाची गाठ अर्धवट दिसली तर त्याला तिथेच थांबवावं. आपल्याला कुणी थांबवलं तर राग धरू नये, मनापासून आभार मानावेत.