गॅरेजातील उंदीर आणि ग्राहकाची अमानत

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की करमाळा तालुक्यातील गॅरेजवाल्यांकडे एक ठराविक तक्रार येऊ लागते. "काल संध्याकाळी गाडी चांगली उभी केली होती, आज सकाळी सेल्फच उचलत नाही." बॅटरी तपासली तर ती भरलेली असते. फ्यूज पाहिला तर तो उडालेला असतो. नवा बसवला की तोही उडतो. शेवटी बॉनेटखाली टॉर्च मारली की कुरतडलेली वायर, चार लेंड्या आणि उसाच्या वाळलेल्या पाचटाचे घरटे दिसते.

हे आपल्याच भागात अधिक का, याचे कारण शेतात आहे. उजनीच्या फुगवट्यालगत, कंदर, वाशिंबे, केत्तूर या पट्ट्यात ऊस आणि केळी. इतर भागात ज्वारी. उभ्या उसात उंदरांना खाणे व आडोसा दोन्ही मिळते. नोव्हेंबरपासून फड तुटू लागले की आडोसा जातो. त्यापाठोपाठ फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी निघते आणि दाणाही जातो. मग बांधालगतची घरे, गोदामे आणि रस्त्याकडेची गॅरेजे ही त्यांची पुढची जागा. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की असाच दुसरा लोंढा येतो.

उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावेच लागते. तो वायर भुकेने खातो असे नाही. अलीकडच्या गाड्यांच्या वायरींच्या आवरणात सोयाबीनपासून केलेले घटक असल्याने उंदीर येतात, असे म्हणत अमेरिकेत टोयोटा, होंडा अशा कंपन्यांवर दावेही झाले. परंतु जुन्या जीपा आणि ट्रॅक्टरांच्या साध्या प्लॅस्टिकच्या वायरीही उंदरांनी कधी सोडल्या नव्हत्या, हे प्रत्येक जुन्या मिस्त्रीला ठाऊक आहे. फरक पडला तो नुकसानीत. पूर्वी एक वायर तुटली तर दिवा बंद पडे. आज सेन्सरची बारीक वायर तुटली तर पूर्ण गाडी उभी राहते आणि कंपनी सबंध वायरिंग बदलायला सांगते.

याहून मोठा धोका आगीचा. सोललेली वायर बॉडीला टेकली की ठिणगी, आणि शेजारी पाचट, चिंध्या किंवा ऑइलने माखलेला कापसाचा वेस्ट असला की पेट घ्यायला वेळ लागत नाही. पेट्रोलचा रबरी पाइपही उंदीर कुरतडतो. झोपताना दिवे विझवा, नाहीतर उंदीर वात ओढून घर पेटवील, असा इशारा सहीह बुखारीतील हदीसमध्ये आहे. वातीच्या जागी आता वायर आली, एवढेच. जपानमधील फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात १८ मार्च २०१३ रोजी एका उंदराने स्विचबोर्डात शॉर्ट केला आणि वापरलेल्या इंधनाच्या टाक्या थंड ठेवणारी यंत्रणा एक दिवसाहून अधिक काळ बंद राहिली. तेथे ही गत, तर आपल्या पत्र्याच्या शेडची काय कथा!

आता व्यवहाराची बाब. ग्राहकाची गाडी आपल्या ताब्यात असेपर्यंत ती अमानत आहे, आणि कायदाही तेच सांगतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे, शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी दुसऱ्याच्या ठेवलेल्या वस्तूची घेणे बंधनकारक आहे. कलम १५२ म्हणते की तेवढी काळजी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर नुकसानीची जबाबदारी येत नाही. म्हणजे भांडणाच्या वेळी प्रश्न एकच विचारला जाईल, तुम्ही काळजी घेतली होती काय? यासाठी गाडी येताच ग्राहकासमोर बॉनेट उघडावे आणि दातांच्या खुणा, लेंड्या, घरटे जे दिसेल ते जॉबकार्डावर लिहून सही घ्यावी. मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. कित्येक गाड्यांत उंदीर ग्राहकाच्या घरूनच आलेला असतो आणि बिल मात्र मिस्त्रीच्या नावावर फाडले जाते. केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर असल्या नुकसानीचा पैसा मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी कंपनीनुसार अटी वेगळ्या असतात, तेव्हा पॉलिसी वाचूनच ग्राहकाला शब्द द्यावा.

उपायांत पहिला मान भोके बुजविण्याला. घरातील लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या, म्हणजे सहा-सात मिलिमीटरच्या फटीतून आत येतो. मोठ्या उंदराला अर्धा इंच पुरतो. शटरखालची फट, मोरीचे तोंड, वायर व पाइपासाठी भिंतीला पाडलेली छिद्रे आणि पत्रा व भिंत यांच्यामधली पोकळी या चार जागा रात्री आत दिवा लावून बाहेरून पाहाव्यात. जेथून उजेड दिसेल तेथून उंदीर येईल. छिद्रात भांडी घासायची तारेची घासणी गच्च कोंबून वर सिमेंट भरावे. नुसत्या फोमला किंवा चिंध्यांना उंदीर जुमानत नाही. मोरीला पाव इंची लोखंडी जाळी बसवावी. शटरखाली उंबऱ्याला पत्र्याची पट्टी मारावी, रबर लावायचे तर त्यावर पत्रा हवाच.

दुसरे म्हणजे खाणे. पोरांचे डबे, भेळीचे कागद, चहाच्या टपरीवरून आलेली बिस्किटे हे सर्व रात्री झाकणाच्या डब्यात जावे. जुन्या सीटचा फोम, रद्दी, पुठ्ठ्याची खोकी आणि वेस्ट कोपऱ्यात साचू देऊ नये. सामान जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे, म्हणजे मागे झाडता येते.

सापळा लावताना घाई होते. मोठा उंदीर नव्या वस्तूला भितो. म्हणून चापाचा सापळा दोन-तीन दिवस न ताणता, आमिष घालून तसाच ठेवावा. उंदीर खायला लागला की मग ताणावा. उंदीर भिंतीच्या कडेने धावतो, तेव्हा सापळ्याचे आमिषाचे तोंड भिंतीकडे हवे. भाजलेले खोबरे, शेंगदाण्याची चिक्की किंवा सुकटीचा तुकडा चालतो. एकच सापळा ठेवून वाट पाहण्यापेक्षा एकाच रात्री आठ-दहा लावणे बरे, कारण मादी तीन आठवड्यांत पाच-सहा पिले देते आणि ती पिलेही दीड-दोन महिन्यांत विण्याजोगी होतात.

विषाबद्दल आमचे मत प्रतिकूल आहे. विष खाऊन उंदीर डॅशबोर्डच्या आत किंवा ब्लोअरमध्ये मेला की सगळी गाडी खोलावी लागते आणि वास आठवडाभर जात नाही. झिंक फॉस्फाइड पोटात गेले की विषारी वायू तयार होतो. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांनी रक्त गोठणे थांबते. कोणी चुकून खाल्ल्यास वेष्टन घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. कामावर लहान पोरे येत-जात असतील तर गॅरेजात विष नकोच. चिकटपट्टीवर उंदीर तासन्‌तास तडफडतो. जीवजंतु कल्याण मंडळानेही तिच्याविरुद्ध राज्यांना कळविले आहे. आवाजाची यंत्रे बॉनेटच्या कोपऱ्यांपर्यंत पोचत नाहीत आणि काही दिवसांत उंदरांना त्यांची सवय होते. तंबाखूची पुडी दोन दिवस दरवळते, मग तिच्यावरच लेंड्या सापडतात. डांबराच्या गोळ्यांचा वास ब्लोअरमधून माणसाच्या छातीत जातो. होंडा कंपनीची मिरचीतला तिखट घटक लावलेली टेप वायरीला गुंडाळायला मिळते. ती पुन्हा पुन्हा कुरतडल्या जाणाऱ्या जागी वापरून पाहण्याजोगी आहे.

घरटे काढताना कोरडा झाडू किंवा हवेचा पाइप मारू नये. हातमोजे घालावेत, नाकाला फडके बांधावे, फिनेलचे पाणी शिंपडून दहा मिनिटे थांबावे आणि ओल्या फडक्याने उचलावे. लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या मुतातून होतो. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावच्या प्लेगने सारा महाराष्ट्र हादरला होता, हे त्या काळची मंडळी विसरलेली नाहीत.

महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरला व गाडीला आठवड्यातून एकदा तरी चालू करून हलवावे, एअर फिल्टरचा डबा आणि बॅटरीखालची जागा पाहावी. वायर तुटलेली आढळल्यास पीळ देऊन टेप गुंडाळू नये. सोल्डर करून, वर तापवून घट्ट बसणारी स्लीव्ह घालावी, तीच वायर पुन्हा पाइपमध्ये टाकावी, आणि शेजारच्या तीन-चार वायरीही बोटाने चाचपून मगच बॉनेट लावावे.