पाकट आणि मुंगूस

(इयत्ता चौथी)

एक प्राणी समुद्रात राहतो अन् दुसरा आपल्या धुऱ्यावर. मी दोघांची तुलना करणार आहे. आसेगावपासून समुद्र फार लांब, त्यामुळे पाकट आपण चित्रातच पाहतो. मुंगूस मात्र तुरीच्या वावरात सगळ्यांनी पाहिले असेल.

पाकट हा मासा आहे, पण माशासारखा दिसतच नाही. भाकरीसारखा चपटा, अन् मागे चाबकासारखी शेपटी. त्याच्या अंगात एकही हाड नसते. आपला कान वाकवला की वाकतो ना, तशाच कूर्चेचा त्याचा सांगाडा असतो. डोळे वर अन् तोंड खाली. तो वाळूत लपून बसतो. मग श्वास कसा घेतो? डोळ्यांमागे दोन भोके असतात, त्यातून पाणी आत ओढतो. खेकडे, शिंपले खातो.

त्याच्या शेपटीवर करवतीसारखा विषारी काटा असतो. तो उगाच कोणाच्या मागे लागत नाही, पाय पडला की मारतो. म्हणून समुद्रात पाय घासत चालावे, चाहूल लागली की तो निघून जातो. ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह अर्विन प्राण्यांचे चित्रपट काढायचे. ते २००६ साली पाकटाचा काटा छातीत लागूनच वारले.

मुंगसाजवळ विष नाही, पण ते नागाला भारी पडते. उंदीर, सरडे, किडे, अंडी सगळे खाते. कोंबडीची पिलेही नेते, म्हणून आमच्या आजीचा त्याच्यावर राग आहे.

लोक म्हणतात, साप चावला की मुंगूस मुळी खाऊन येते. हे खरे नाही. नागाचे विष नसा अन् स्नायू जुळतात तिथे चिकटते, म्हणून माणसाचा श्वास बंद पडतो. मुंगसाच्या अंगात ती जागा निराळ्या घडणीची असते, तिथे विष नीट चिकटत नाही. तरी फार विष गेले तर तेही मरते. म्हणून ते उड्या मारून नागाला आधी दमवते, अन् केस फुगवते. नागाचा दात पुष्कळदा केसातच राहतो.

आपल्या अंगात तशी सोय नाही. पालकांनो, साप चावला तर मुळी शोधत बसू नका, लगेच सरकारी दवाखान्यात न्या. विषावरची लस तिथेच मिळते.

मुंगसाला खरी भीती माणसाची आहे. चित्रकलेच्या ब्रशासाठी त्याचे केस काढतात, त्यासाठी त्याला मारतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ह्याला बंदी आहे. माझा ब्रश नायलॉनचा आहे. वरचे मुंगसाचे चित्र मी त्यानेच रंगवले.