प्रमाण वेळ आणि लघुलहरी

शाळेची घंटा वेळेवर व्हावयाची तर घड्याळ बरोबर हवे. आणि ते बरोबर आहे हे ठरविण्यास त्याहून विश्वसनीय प्रमाण हवे. नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने 1959 साली असे प्रमाण लघुलहरींवरून प्रक्षेपित करण्यास आरंभ केला. ‘एटीए’ हे त्या केंद्राचे संकेतनाम. सेकंदासेकंदाला टिकटिक ऐकू येई व तिच्यावरून घड्याळे लावता येत. 10 मेगाहर्ट्झची वाहक लहर सेकंदास 1 कोटी आंदोलने करी. तिच्याशी ताडून रेडिओयंत्रे जुळविता येत.

वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरांवरून लघुलहरी पृथ्वीकडे परततात, म्हणून त्या दूरवर पोहोचतात. दिल्ली ते यवतमाळ हे सुमारे 900 किलोमीटर अंतर कापण्यास त्यांना सेकंदाचा सुमारे तीनशेवा भाग लागतो. हे प्रक्षेपण आता बंद झाले असून प्रयोगशाळेची, सीझियम अणुघड्याळांवर आधारलेली वेळ इंटरनेटवरून मिळते.

येथे एक शंका विद्यार्थी हटकून काढतात. काठीची सावली सर्वांत आखूड होते तेव्हा घड्याळात बारा का नसतात? भारतीय प्रमाण वेळ 82½ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे. यवतमाळ 78 अंशांच्या किंचित पूर्वेस आहे. दर अंशास 4 मिनिटे, म्हणून येथील मध्यान्ह सरासरीने 17 मिनिटे उशिरा होते; ऋतुमानाप्रमाणे हा फरक कमीअधिक होतो. शिक्षकांनी हा प्रयोग अवश्य करवून घ्यावा. परंतु सावली पाहून शाळेचे घड्याळ फिरवू नये.