पटावरचा बैल, पाटावरचा बैल

भंडारा जिल्ह्यात शर्यतीचं सर्वांत जुनं वाहन म्हणजे बैलजोडी आणि तिच्यामागचा हलका छकडा. धान घरात आलं की पूर्व विदर्भातल्या गावांना शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचे, वेध लागतात. दिवसा पट, रात्री झाडीपट्टीचं नाटक, आणि पाहुण्यांनी भरलेली घरं. जोडी हाकणारा तो धुरकरी. जिंकलेल्या जोडीचं नाव पुढच्या हंगामापर्यंत तोंडी राहतं, धुरकऱ्याचं मात्र पुष्कळदा विसरलं जातं.

या बैलाची छोटी प्रतिकृती इथला सुतार घडवतो. मोठा पोळा श्रावण अमावास्येला, आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, तान्हा पोळा. त्या दिवशी चाकांवरचा लाकडी नंदी दोरीनं ओढत पोरं तोरणाखाली जमतात. मग घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे पोळ्याची खुशाली, गोळा करायचा. ही प्रथा नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांनी सुरू केली असं सांगतात. त्यांची कारकीर्द १७८८ ते १८१६ अशी. पोरांना बैलाचा लळा लागावा हा हेतू. नागपुरात याच दिवशी मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, त्यामुळे बाहेरच्यांना मारबत माहीत असते आणि नंदी राहून जातो.

नंदीला मी खेळणं म्हणत नाही. उंच वशिंड, ताठ मान, पुढे रोखलेली शिंगं हे रूप नांगराच्या बैलापेक्षा पटाच्या बैलाला जवळचं आहे. पूर्व विदर्भातल्या धानाच्या चिखलात राबणारी कठाणी जात अंगानं लहानखुरी. नंदीत ती क्वचितच दिसते. सुताराच्या नजरेसमोर असतो तो मिरवणारा बैल. राबणाऱ्याची प्रतिकृती कोण मागणार?

काम सुरू होतं लाकडापासून. या भागात सागाचं जंगल, त्यामुळे साग पहिला. हलका नंदी हवा तर शिवण. लाकूड ओलं असलं तर सगळी मेहनत वाया, कारण वाळताना ते आकसतं आणि पोटावर नेमकी रंग दिल्यानंतर चीर पडते. ओंडक्यावर कोळशानं किंवा पेन्सिलनं बाजूची रेघ काढायची, करवतीनं ढोबळ तुकडा सोडवायचा, वाकसानं तासायचं, मग पटाशी, शेवटी कानस आणि पॉलिश पेपर. मोजपट्टी फार कमी वेळा बाहेर येते. वशिंडापासून शेपटीच्या मुळापर्यंत किती, पायाची उंची पोटाच्या जाडीच्या किती पट, ही मापं हातात बसलेली असतात.

खरी परीक्षा पायांची. लाकडाचे तंतू एका दिशेनं धावतात. अंगाचे तंतू आडवे ठेवले आणि त्याच ठोकळ्यातून पाय काढले, तर पायातले तंतूही आडवेच येतात, आणि पहिल्या आपटीला पाय तुटतो. म्हणून जाणकार सुतार पाय वेगळे करतो, त्यांचे तंतू उभे ठेवतो आणि पोटाला भोक पाडून कुसवानं बसवतो. शिंगं आणि कानही तसेच वेगळे. सांध्यावर रंगाचा हात फिरला की हे काही दिसत नाही, पण नंदी चार पोळे टिकणार की चाळीस, ते इथंच ठरतं. बाजारात नंदी उलटा करून पाहणारं गिऱ्हाईक मी तरी फारसं पाहिलेलं नाही.

दुसरी अडचण प्रमाणाची. बैल खांद्याशी चार फूट उंच धरा. सहा इंचांचा नंदी म्हणजे त्याचा आठवा भाग, एकास आठ. खऱ्या बैलाचा गुडघ्याखालचा पाय पाच सेंटीमीटर जाड मानला तर नंदीचा पाय सहा मिलिमीटर यायला हवा. लाकडात असला पाय पोराच्या हाती संध्याकाळपर्यंत राहणार नाही. म्हणून सुतार पाय जाड करतो. मग पाय जाड दिसू नयेत म्हणून वशिंड थोडं वाढवतो, मानेची पोळी थोडी खाली सोडतो. एक खोटं झाकायला दुसरी दोन, आणि तिन्ही मिळून बैल खरा दिसतो.

हाच पेच जुन्या रेसिंग मोटारींची मॉडेलं शून्यातून घडवणाऱ्यांपुढेही असतो. एकास आठ हे माप त्यांच्यातही मानाचं. इंग्लंडचे जेराल्ड विंग्रोव्ह हे या कलेतलं मोठं नाव, ते एकास पंधरासारख्या प्रमाणात पितळ आणि इतर धातूंतून एकेक भाग घडवत. १९२४ साली ल्याँच्या ग्रां प्रीमध्ये उतरलेली बुगाटी टाइप ३५ करायची, तर तिची आठ आऱ्यांची ॲल्युमिनियमची चाकं सुद्धा हातानं घडवायची. तारेच्या आऱ्यांचं चाक असेल तर चार मिलिमीटरची तार एकास आठमध्ये अर्ध्या मिलिमीटरची होते. पण पोलादी तार अर्ध्या मिलिमीटरलाही ताण सोसते, म्हणून मोटारवाल्याला खरं माप परवडतं. शिवाय त्याची मोटार काचेच्या कपाटात जाते. आमचा नंदी डांबरी रस्त्यावर, पावसात, दगडधोंड्यांवरून ओढला जातो. मला विचाराल तर सुताराचं काम अधिक कठीण.

चाकांचंही शास्त्र आहे. ओंडक्याची आडवी चकती कापून चाक करणं सोपं, पण ती वाळली की मध्यापासून कडेपर्यंत फाटते, म्हणून फळीतून चाक कापतात. आस नंदीखालच्या पाटाला पक्का जोडलेला, वळायची सोय नाही. वळणावर चाकं फरफटतात, आणि पाट अरुंद असला तर उंच नंदी कलंडतो. पाट रुंद, दोरी खालून बांधलेली, एवढं सांभाळलं की पुरे. आता बेअरिंगची तयार चाकं मिळतात. ती सरसर जातात, आणि उतारावर नंदी पोराच्या पुढे निघतो.

मग सजावट. शिंगांना बेगड, अंगावर झूल, तोंडावर मठाटी, गळ्यात घुंगुरमाळ. भंडारा पितळी भांड्यांचं जुनं गाव, त्यामुळे पितळेची हौस घरोघर.

तान्ह्या पोळ्यातल्या नंदींच्या स्पर्धांनी मात्र एक विपरीत गोष्ट केली आहे. बक्षिसापायी नंदी एवढे मोठे झाले, की पोराऐवजी बाप आणि काका ते ढकलतात. पोरगं शेजारी फोटोपुरतं. यंत्रानं कोरलेले नंदीही आले. माप अचूक, पण सगळ्यांचा चेहरा एक.

खऱ्या पटाची गोष्ट मधल्या काळात कोर्टात होती. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती थांबवल्या. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ मध्ये तात्पुरती परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं दुरुस्ती वैध ठरवली. राज्याच्या नियमांत अंतराला एक हजार मीटरची मर्यादा आहे, चाबूक आणि काठीला मनाई. त्या सात वर्षांत पट बंद होते तरी दर भाद्रपदात लाकडी बैल गल्लीतून धावतच होते, त्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती.

नंदी घ्यायचा असेल तर पोळ्याच्या आदल्या दिवशी बाजार गाठू नका. उन्हाळ्यातच सुताराला सांगून ठेवा, लाकूड वाळलेलं आहे का विचारा, आणि हाती आला की उलटा करून पायांचे सांधे पाहा.