शेतकरी जीवनाचे चित्रधर्मी छायाचित्रण

छायाचित्र ही वस्तूची केवळ यांत्रिक नक्कल नसून चित्राप्रमाणेच ती एक कलाकृती होऊ शकते, या भूमिकेतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी छायाचित्रणपद्धती उदयास आली, तिला चित्रधर्मी छायाचित्रण म्हणतात. या पद्धतीने आरंभापासून जवळ केलेल्या विषयांत शेतकऱ्याचे जीवन हा एक प्रमुख विषय होय. नांगरणी, कापणी, गवताच्या गंजी, सायंकाळी घराकडे परतणारी गुरे ही दृश्ये यूरोपीय चित्रकलेत आधीच रूढ झाली होती. झां फ्रांस्वा मीये (१८१४–७५) या फ्रेंच चित्रकाराने १८५७ मध्ये सरवा वेचणाऱ्या तीन स्त्रिया रंगविल्या, तेव्हा त्या चित्रातील दारिद्र्य अनेकांना खटकले होते. छायाचित्रकारांनी मात्र हा वारसा स्वीकारताना त्यातील खटकणारा भाग बहुधा वगळला.

हेन्री पीच रॉबिन्सन (१८३०–१९०१) हा इंग्रज छायाचित्रकार अनेक निगेटिव्हांचे भाग एकत्र जुळवून एक चित्र सिद्ध करीत असे. खऱ्या खेडुतांकडून हवा तसा आविर्भाव मिळत नाही म्हणून ओळखीच्या सुशिक्षित तरुणींना खेडवळ वेश देऊन तो त्यांची चित्रे घेई. या कृत्रिमतेविरुद्ध पीटर हेन्री एमर्सन (१८५६–१९३६) या वैद्यकशास्त्राच्या पदवीधराने बंड पुकारले. टॉमस गुडॉल या चित्रकाराच्या सहकार्याने त्याने १८८६ मध्ये नॉर्फक परगण्यातील पाणथळ प्रदेशाचे जीवन दाखविणारा चाळीस प्लॅटिनम मुद्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. दलदलीतील गवत काठ्यांवरून वाहून नेणारी माणसे, चढावर नांगर ओढणारी घोड्यांची जोडी अशी त्याची चित्रे प्रत्यक्ष शेतात, प्रत्यक्ष कामकऱ्यांची घेतलेली आहेत. मानवी डोळा दृश्याचा मध्यभागच स्पष्ट पाहतो, तेव्हा छायाचित्रातही मुख्य वस्तू स्पष्ट व भोवताल किंचित धूसर असावा, असे मत त्याने १८८९ च्या आपल्या ग्रंथात मांडले. दोनच वर्षांत त्याने ते जाहीरपणे मागे घेतले आणि छायाचित्रण ही कला नव्हे असे घोषित केले. परंतु तोवर धूसरतेची आवड सर्वत्र पसरली होती. आपल्या ग्रंथांच्या मजकुरात एमर्सनने शेतमजुरांची राहणी, समजुती व हलाखी यांविषयी लिहिले आहे. चित्रांच्या कोमल छटांत ती हलाखी क्वचितच उतरते.

या छटांचे रहस्य बव्हंशी तंत्रात आहे. ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काच लेपून ती ओली असेतोवर, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, उद्‌भासन व विकासन दोन्ही उरकावे लागे. त्यासाठी अंधारा तंबू व रसायने बरोबर न्यावी लागत आणि उन्हाळ्यात काच लवकर वाळून जाई. १८७१ मध्ये जिलेटिनच्या शुष्क काचेचा शोध लागला व १८८० च्या सुमारास अशा काचा बाजारात सुलभ झाल्या, तेव्हाच छायाचित्रकाराला शेतात मोकळेपणाने हिंडता येऊ लागले. प्लॅटिनम मुद्रेत करड्या रंगाच्या अनेक सूक्ष्म छटा मिळतात. गम बायक्रोमेट व पुढे ब्रोमॉइल या पद्धतींत तर कुंचल्याने नको तो तपशील पुसून टाकता येई. नको तो तपशील म्हणजे कोणता, हे अर्थात छायाचित्रकारच ठरवी.

पश्चिम भारतात या कलेचे पाऊल लवकर पडले. मुंबईची छायाचित्रण संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात काढलेल्या चित्रमालेत मुंबई इलाख्यातील निरनिराळ्या जातिव्यवसायांच्या लोकांची चित्रे होती. जॉन्सनने पुढे १८६३ व १८६६ मध्ये दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांत त्याने माणसांच्या आकृती वेगळ्या घेतलेल्या भूदृश्यांवर जोडल्या आहेत. रॉबिन्सनची जोडचित्रे कलेसाठी होती, तर जॉन्सनची वर्गीकरणासाठी. पण दोन्हींत माणूस त्याच्या जमिनीपासून उचलून दुसरीकडे ठेवला गेला. सरकारी आश्रयाने निघालेल्या, भारतातील लोकांचे नमुने दाखविणाऱ्या आठ खंडांतही (१८६८–७५) माणूस जातीचा प्रतिनिधी म्हणूनच येतो.

परभणी जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यातील औरंगाबाद सुभ्यात मोडत असे. या राज्यात छायाचित्रण बहरले ते लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्यामुळे. सहावा निजाम महबूब अली खान याचे ते दरबारी छायाचित्रकार होते व त्यांचा स्टुडिओ सिकंदराबाद येथे होता. दरबार, राजवाडे, शिकारी आणि लष्करी कवायती हे त्यांचे नित्याचे विषय. तथापि १८९५ ते १९०२ या काळातील औरंगाबाद भागातील लोकोपयोगी व दुष्काळी कामांचीही छायाचित्रे त्यांच्या संस्थेने घेतली आहेत. १८९९–१९०० च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळला होता. शेत सोडून खडी फोडण्यास आलेला कुणबी या चित्रांत मजूर म्हणून दिसतो. मांडणी नेटकी आहे, प्रकाशही उत्तम साधला आहे. मात्र चित्रांचा उद्देश राज्यकर्त्यांनी केलेली कामे दाखविण्याचा आहे. त्याआधी, १८७६–७८ च्या दुष्काळात, मद्रास इलाख्यात कॅप्टन विलबी हूपर याने उपासमारीने खंगलेल्या माणसांना ओळीने बसवून चित्रे घेतली व त्याबद्दल टीकाही ओढवून घेतली होती. जातीचा नमुना, दुष्काळाचा बळी आणि रमणीय आकृती अशा तीन रूपांत शेतकरी कॅमेऱ्यापुढे आला. नाव मात्र त्याला यांपैकी एकाही रूपात सहसा मिळाले नाही.

तिसरे रूप आपल्याकडे काहीसे उशिरा आले. मुंबईचे शापूर भेदवार यांची चित्रे १८९० नंतर लंडनच्या प्रदर्शनांत गाजली व लिंक्ड रिंग या चित्रधर्मी छायाचित्रकारांच्या मंडळात त्यांना स्थान मिळाले. पण त्यांचे विषय नाट्यमय व गृहांतर्गत होते. ग्रामीण विषयांना बहर आला तो १९३० नंतर, मुंबईत १९३२ मध्ये कॅमेरा पिक्टोरिअलिस्ट्स ऑफ बॉम्बे हे मंडळ निघाले त्या सुमारास. पालनपूरचे ए. एल. सय्यद यांची ग्रामीण चित्रे इलस्ट्रेटेड वीकलीच्या वाचकांस परिचित होती. नॉर्फकमध्ये धुक्याने जे काम केले, ते आपल्याकडे धुळीने केले. गाडीवाटेवरून कळप परतत असता मावळत्या उन्हासमोर कॅमेरा धरला, की धूळ उजळते आणि गुरे व गुराखी काळ्या आकृती बनतात.

परभणीच्या काळ्या जमिनीत रब्बी ज्वारीचे खळे माघ-फाल्गुनात चाले. तिवड्याभोवती फिरणारे बैल, वावडीवर उभे राहून उपणणारा माणूस आणि वाऱ्यावर उडणारा भुसा हे दृश्य अशा छायाचित्रणास जणू तयारच होते. उलट बाजूच्या प्रकाशात भुशाचा सोनेरी पडदा होतो. खुरपणी किंवा कापसाची वेचणी यांचे तसे नाही. तासन्‌तास वाकून केलेल्या या कामांत, जी मुख्यतः स्त्रियाच करतात, ना चेहरा दिसतो ना आकृतीला डौल येतो. खळ्यावरच्या राशीतून सावकाराचा आणि सरकारचा वाटा निघाल्यावर काय उरे, हे तर कोणत्याही भिंगाला दिसण्यासारखे नव्हते.

ते दाखविण्याचा यत्न मराठी मुलखात स्थिरचित्राने नव्हे, तर चलच्चित्राने केला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) मूळचे चित्रकार. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील सावकारी पाश (१९२५) या त्यांच्या मूकपटात कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी आहे; ही भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. छायाप्रकाशाची चित्रधर्मी जाण या मूकपटात पुरेपूर आहे. तिचा रोख मात्र रमणीयतेकडे नसून ओस पडलेल्या झोपडीकडे आहे.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना (१९१८–२०१२) यांनी घेतलेल्या छायाचित्रांनंतर वृत्तछायाचित्रणाचे महत्त्व वाढले आणि चित्रधर्मी पद्धती मुख्यतः हौशी मंडळांच्या प्रदर्शनांपुरती उरली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात पुन्हा खडी फोडण्याची कामे निघाली, तेव्हा त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून घरोघर पोहोचली. त्याच वर्षी परभणी येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. बैलगाडी व मावळता सूर्य मात्र दिनदर्शिकांवर पुढेही दीर्घकाळ टिकून राहिले.