पिशवी काढल्यानंतरची तीस वर्षं

बीडचे आकडे आता सगळ्यांना पाठ झाले आहेत. २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली, असं तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी जून २०१९ मध्ये विधान परिषदेत सांगितलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. जिल्हा शल्य चिकित्सकांच्या परवानगीचा नियम आला. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं सगळ्या राज्यांना बजावलं. तरीही जून २०२५ मध्ये पुन्हा बातमी आली. हंगामाच्या निमित्ताने झालेल्या आरोग्य तपासणीत ८४३ जणी गर्भाशय काढलेल्या आढळल्या आणि त्यातल्या ४७७ जणींचं वय तीस ते पस्तीस होतं.

प्रत्येक वेळी चर्चा एकाच वळणाने जाते. कोणी काढली, का काढली, परवानगी होती का, मुकादमाने दबाव टाकला का. हे प्रश्न विचारायलाच हवेत. पण बत्तिसाव्या वर्षी पिशवी काढलेली बाई आज पंचेचाळिशीला आली आहे आणि अजून कोयता चालवते आहे, तिचं पुढे काय झालं, हे ना समिती विचारते ना बातमी. शस्त्रक्रिया तासाभरात उरकते. तिचे परिणाम पुढची तीस वर्षं त्या बाईच्या अंगावर असतात.

आणि इथेच या प्रकरणातली सगळ्यात क्रूर गंमत आहे. बहुतेकींनी पिशवी काढली ती अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, लघवीला जळजळ होते, पाळीत खाडा पडतो आणि खाड्याचा दंड भरावा लागतो, म्हणून. वर डॉक्टरने कॅन्सरची भीती घातलेली. पाळीचा त्रास थांबला. पण काही वर्षांत आग, खाज, वारंवार लघवी आणि संबंधाच्या वेळी जीवघेण्या वेदना असं सगळं त्याच जागी परत आलं. बाईला वाटतं, पिशवी तर गेली, मग आता काय राहिलं दुखायला?

राहिलं ते असं. योनी, मूत्रमार्ग आणि मूत्राशयाचा खालचा भाग हे तिन्ही इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसले जातात. इस्ट्रोजेन असतं तोवर योनीच्या पेशींत ग्लायकोजेन साठतं. त्यावर लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जंतू जगतात आणि तिथली आम्लता टिकवतात. त्या आम्लात बाहेरचे, विशेषतः शौचाच्या जागेकडून येणारे जंतू तग धरत नाहीत. इस्ट्रोजेन आटलं की अस्तर पातळ आणि कोरडं होतं, आम्लता जाते, उपयोगी जंतू नाहीसे होतात आणि मूत्रमार्गाला संसर्गाची वाट मोकळी होते. रजोनिवृत्तीनंतर निम्म्याहून अधिक स्त्रियांना यातलं काही ना काही होतं. अंगातून गरम वाफा येणं बहुतेकींचं काही वर्षांनी कमी होतं. हा त्रास मात्र उपचार न केल्यास वाढतच जातो.

भारतीय बाईची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी होते, वय तीस असो की पस्तीस. अंडाशयं ठेवली तरी ती लवकर थकतात. न्यूझीलंडमधल्या २००५ च्या एका अभ्यासात अशा स्त्रियांची रजोनिवृत्ती सरासरी पावणेचार वर्षं अलीकडे आलेली दिसली. पाळी आधीच बंद झालेली असल्याने हा बदल कधी झाला, हे त्या बाईला कळतही नाही. आणखी एक हिशोब स्वीडनचा. २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात गर्भाशय काढलेल्यांना पुढे खोकताना-शिंकताना लघवी सुटण्यावरची शस्त्रक्रिया करावी लागण्याचा धोका दुपटीहून जास्त निघाला. त्या बायका डोक्यावर उसाच्या मोळ्या घेऊन ट्रकच्या फळीवर चढत नव्हत्या. आपल्याकडच्या चढतात, आणि त्यातल्या अनेकजणी शस्त्रक्रियेचे पैसे उचलीतून फेडायचे म्हणून टाके पुरते भरण्याआधीच फडात उतरलेल्या.

फडावरचं जगणं यात भर घालतं. कोपीला न्हाणी नाही, संडास नाही. आडोसा मिळेपर्यंत लघवी धरून ठेवायची, आणि धरावी लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायचं. मूत्रमार्गाच्या संसर्गाला याहून सोयीची परिस्थिती मुद्दाम ठरवूनही उभी करता येणार नाही.

मग बाई गावातल्या किंवा कारखान्याजवळच्या डॉक्टरकडे जाते. ‘उन्हाळी लागलीय’ एवढंच सांगते. पुढचं पुरुष डॉक्टरसमोर तोंडातून निघत नाही. डॉक्टर तपासत नाही, लघवीचं कल्चर सांगत नाही, प्रतिजैविकाच्या गोळ्या देतो. चार दिवस बरं वाटतं. महिन्याभरात पुन्हा तेच. दर खेपेला औषध जास्त कडक आणि जंतू जास्त निर्ढावलेले.

या चक्रावरचा तोडगा वैद्यकशास्त्राला तीस वर्षांहून जास्त काळ माहीत आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. १९९३ मध्ये राउल राझ आणि वॉल्टर स्टॅम या दोन संसर्गतज्ज्ञांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक प्रयोग मांडला. रजोनिवृत्तीनंतर मूत्रसंसर्ग वारंवार होणाऱ्या ९३ स्त्रिया. काहींना योनीत लावायला एस्ट्रिऑल या इस्ट्रोजेनचं मलम, काहींना नुसतं औषधाविना मलम. नुसतं मलम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ५.९ वेळा संसर्ग झाला. एस्ट्रिऑल लावणाऱ्यांना ०.५ वेळा. महिन्याभरात त्यांच्यापैकी ६१ टक्के जणींच्या योनीत लॅक्टोबॅसिलस परतले होते, दुसऱ्या गटात एकीच्याही नाही. म्हणजे जंतू मारण्यापेक्षा जागा पूर्ववत करणं जास्त कामाला आलं. इतका स्वच्छ निकाल वैद्यकात वारंवार मिळत नाही. आणि औषध काय, तर कुठल्याही शहरातल्या औषध दुकानात काही शे रुपयांना मिळणारी एक ट्यूब.

वापरण्याची नेहमीची पद्धत अशी: सुरुवातीला दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा, दीर्घकाळ. फरक जाणवायला काही आठवडे ते तीन महिने लागतात. सोडलं की त्रास परततो. हे औषध जागच्या जागी काम करतं आणि रक्तात अत्यल्प जातं. संप्रेरकांच्या गोळ्यांबद्दल २००२ च्या अमेरिकी अभ्यासानंतर जी धास्ती पसरली, ती या मलमाला सरसकट लावणं चूक होतं. अमेरिकेच्या औषध नियामकानेही नोव्हेंबर २०२५ मध्ये या औषधांवरचा ठळक चौकटीतला इशारा काढण्याचं जाहीर केलं. तरी ही ट्यूब डॉक्टरच्या सल्ल्यानेच. स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईने आधी संप्रेरकाविना उपाय करावेत आणि कर्करोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ज्यांची अंडाशयं ऐन तिशीत काढली गेली, त्यांचा प्रश्न मलमापुरता नाही. हाडं आणि हृदय यांच्यासाठी त्यांना नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन गोळी किंवा पॅचमधून देण्याचा विचार व्हायला हवा, असं जगभरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पण अंडाशयं काढली की ठेवली, हे बाईला सांगितलेलंच नसतं. म्हणून डिस्चार्जचा कागद जपून ठेवा. नसेल तर रुग्णालयाकडे मागा, तो तुमचा हक्क आहे. गर्भाशयाचं मुख शाबूत असेल, तर त्याच्या कर्करोगाची तपासणीही पुढे चालू ठेवावी लागते.

मलमाखेरीजची कामं बिनखर्चाची किंवा कमी खर्चाची आहेत. साबण, डेटॉल, तुरटीचं पाणी आणि जाहिरातीतले ‘इंटिमेट वॉश’ आत वापरू नयेत, साधं पाणी बाहेरून पुरतं. संबंधाच्या वेळी पाण्यात मिसळणारं वंगण-जेल वापरावं. साखर तपासावी, कारण मधुमेहात हे सगळं दुणावतं. लघवी सुटत असेल तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम: लघवी आणि वारा दोन्ही रोखताना जे स्नायू आवळतो, तेच आवळायचे, काही सेकंद धरायचे, सोडायचे. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. कापणी चालू असतानाही होतो, कोणाला कळत नाही. अंग बाहेर येत असेल तर रिंग पेसरी बसवता येते, लगेच शस्त्रक्रिया नको. लघवीतून रक्त, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणं, थंडी-तापासह कंबरेत दुखणं, यात मात्र थांबायचं नाही.

मोठ्या शहरांत यावर लेझरची पॅकेजं विकली जातात. २०२१ मध्ये ‘जामा’त आलेल्या ऑस्ट्रेलियन प्रयोगात हे लेझर खोट्या उपचाराहून सरस ठरलं नाही. तेव्हा त्यासाठी कोणी जमीन गहाण ठेवू नये.

आता सरकारबद्दल. बीडमध्ये यंत्रणा नाही असं म्हणता येत नाही. जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, गावोगाव आशा आहेत आणि ऊसतोड महिलांची हंगामाच्या निमित्ताने तपासणीही होते. त्या तपासणीत हिमोग्लोबिन मोजतात, पिशवी आहे की नाही याची नोंद करतात. तिथेच तीन प्रश्न वाढवावेत: लघवीला आग होते का, लघवी सुटते का, खाली कोरडं पडून दुखतं का. ‘हो’ म्हणणाऱ्या बाईला स्त्री डॉक्टरने पडद्याआड तपासावं, गरज असेल तर लघवीचं कल्चर करावं आणि योग्य असेल तिला सहा महिने पुरेल इतकं मलम फडावर जाण्याआधी फुकट द्यावं. साखर कारखान्याने प्रत्येक तळावर दारं असलेले संडास आणि प्यायचं पाणी द्यावं. यातल्या कशालाही नवी समिती लागत नाही.

माझा आक्षेप इतकाच आहे: पिशव्या मोजण्यात आपण सात वर्षं घालवली. १३,८६१ हा आकडा समितीच्या अहवालात नोंदलेला आहे, म्हणजे यादी सरकारकडेच असायला हवी. त्या यादीतल्या बायकांना पुन्हा बोलावून तपासायला सुरुवात करा. तोवर पुढच्या जूनमधल्या आकड्याने हळहळण्याचा हक्क आपल्याला नाही.